इन्सुलीच्या नाक्यावर अडलेला कर

"गोव्याक जातंस तर येताना एक घेवन ये." सिंधुदुर्गात हे वाक्य कधी ऐकले नाही असा माणूस विरळाच. सांगणाऱ्याला आपण काही गैर सांगतो असे वाटत नाही आणि ऐकणारा फक्त 'कुठली?' एवढेच विचारतो. परवान्याशिवाय ती बाटली हद्दीअलीकडे आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. तरी पिशवीत कोकम सरबताच्या शेजारी एक बाटली येतेच.

कारण साधे आहे. तीच कंपनी, तेच नाव, तेच माप. पण पत्रादेवीच्या पलीकडे भाव वेगळा आणि बांद्याच्या अलीकडे वेगळा. आता कोडे असे की, दारू महाग केली की पिणे कमी होते, असे जगभरचा अभ्यास सांगतो. महाराष्ट्राने ती बरीच महाग केली आहे. मग सिंधुदुर्गनगरीहून तासाभराच्या रस्त्यावर ती स्वस्त मिळत असेल, तर त्या महागाईचा इथे नेमका काय परिणाम होतो?

बाटलीत दारू किती, कर किती

जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू त्यातून बाहेर ठेवली गेली. त्यामुळे दारूवर किती कर लावायचा हे अजूनही प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. महाराष्ट्रात तो दोन टप्प्यांत लागतो. कारखान्यातून माल बाहेर पडताना राज्य उत्पादन शुल्क, आणि पुढे विक्रीवर व्हॅट.

यातला पहिला टप्पा समजून घेण्यासारखा आहे. व्हिस्की, रम, ब्रँडी या वर्गाला सरकारी भाषेत 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' म्हणतात. कंपनी आपला निर्मितीखर्च जाहीर करते आणि शुल्क त्याच्या पटीत आकारले जाते. प्रति लिटर २६० रुपयांपर्यंत खर्च जाहीर केलेल्या मद्यावर ही पट तीन होती. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती साडेचार केली. म्हणजे ज्या मालाचा निर्मितीखर्च १०० रुपये, त्यावर आधी ३०० रुपये शुल्क होते, ते ४५० झाले. व्हॅट आणि दुकानदाराचा नफा त्यावर आणखी. त्याच निर्णयात १८० मिलीच्या बाटलीचे, म्हणजे क्वार्टरचे, किमान दर आले. देशी दारू ८० रुपये, धान्यापासून राज्यातच बनणारी 'महाराष्ट्र मेड लिकर' ही नवी जात १४८, विदेशी मद्य २०५ आणि उंची विदेशी ३६०. या सगळ्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असा सरकारचा अंदाज होता. घोषणेत भर या आकड्यावर होता. पिणे किती घटेल याचा असा आकडा कोणी पुढे ठेवला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवू.

ही वाढ होण्याच्या आधीसुद्धा दोन राज्यांतले अंतर मोठे होते. मद्य उद्योगाच्याच एका संघटनेने २०२३ मध्ये केलेल्या तुलनेनुसार, छापील किमतीत कराचा वाटा गोव्यात ४९ टक्के, महाराष्ट्रात ७१ टक्के आणि कर्नाटकात ८३ टक्के होता. उद्योगाला कर कमी करून हवा असतो, तेव्हा त्यांचे आकडे जरा जपूनच घ्यावेत. पण क्रम खरा आहे. बांद्यातल्या कुणालाही विचारा.

महागली की किती घटते?

भाव वाढल्यावर मागणी किती टक्के हलते, या मापाला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. मीठ महाग झाले म्हणून कोणी आमटी अळणी खात नाही. तिथे लवचिकता जवळजवळ शून्य. दारूचे काय? २००९ साली ११२ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आजही प्रमाण मानला जातो. भाव दहा टक्के वाढला की बिअरचा खप साडेचार टक्क्यांच्या आसपास घटतो, कडक दारूचा सुमारे आठ टक्के. 'पिणारा कितीही महाग झाली तरी पिणारच' हे आपल्याकडचे ठाम मत त्यामुळे सरसकट खरे ठरत नाही.

पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि तो घराघराशी जास्त जोडलेला आहे. जे खूप पितात, त्यांचे पिणे दहा टक्के भाववाढीने जेमतेम तीन टक्के कमी होते. याचा हिशेब करून पाहा. महिन्याला ३,००० रुपयांची दारू पिणारा माणूस आहे. भाव दहा टक्के वाढला, त्याने पिणे तीन टक्के कमी केले. आता तो महिन्याला सुमारे ३,२०० रुपये घालवतो. प्रकृतीच्या बाजूने थोडा फायदा, पण घरात येणारे दोनशे रुपये आणखी कमी झाले. मासळी, मुलांच्या वह्या, किराणा दुकानातली उधारी यांतूनच ते जाणार. म्हणून 'कर वाढवा' म्हणणारे डॉक्टर आणि 'कर वाढवून आमचेच नुकसान' म्हणणारी बाई, दोघेही एकाच वेळी बरोबर असू शकतात.

याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे सरकारची तिजोरी. खप भावापेक्षा कमी वेगाने घटतो, म्हणून कर वाढवला की सरकारचे उत्पन्नही वाढते. आरोग्य खाते आणि अर्थ खाते या एका बाबतीत सहसा भांडत नाहीत, त्याचे रहस्य हे. भांडण लागते ते सीमेवर.

एकच बांध उंच केला की

भाताच्या खाचराला चारी बाजूंनी बांध असतो. त्यातला एकच बांध हातभर उंच केला आणि शेजारचा तसाच ठेवला, तर पाणी काही वर चढत नाही. ते सखल बाजूने निघून जाते. महाराष्ट्राने आपला बांध उंच केला आहे, तेरेखोलच्या बाजूचा बांध खाली आहे.

आणि तो बांध सलगही नाही. महामार्गावर इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे खरा, पण गोव्यात जायला सातार्ड्यावरून रस्ता आहे, आरोंदा-किरणपाणीवरून आहे, दोडामार्गावरून आहे. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या उत्तर तीरावर, रेडीला लागून. तरी तो गोव्याचा. सावंतवाडी-दोडामार्गकडची शेकडो मुले रोज दुचाकीवरून गोव्यात कामाला जातात आणि संध्याकाळी परततात. २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर ही ये-जा वाढलीच. प्रत्येकाची डिकी उघडून बघणे कुठल्याही खात्याला शक्य नाही.

आता दुचाकीवरून येणारी एक बाटली सोडा आणि धंदा करणाऱ्याचा हिशेब पाहा. जिल्ह्याच्या पेपरात दर आठवड्याला एक ठरलेली बातमी असते: 'गोवा बनावटीच्या दारूसह अमुक लाखांचा मुद्देमाल जप्त'. नीट वाचली तर त्या लाखांमध्ये गाडीची किंमतही धरलेली असते आणि पुष्कळदा दारूपेक्षा गाडीच महाग असते. तरीही लोक गाडी पणाला का लावतात?

समजा ७५० मिलीच्या एका बाटलीमागे २०० रुपये सुटतात. एका बॉक्समध्ये १२ बाटल्या. शंभर बॉक्सचा टेम्पो भरला की १,२०० बाटल्या, म्हणजे एका फेरीत २ लाख ४० हजारांचा फायदा. पकडला गेला तर माल आणि गाडी मिळून समजा आठ लाख बुडाले. बेरीज-वजाबाकी केली तर दिसते की, चार-साडेचार फेऱ्यांतली एक पकडली गेली तरच हा धंदा तोट्यात जातो. त्याहून कमी वेळा पकडला गेला, तर नफाच. आता महाराष्ट्राने कर वाढवला आणि बाटलीमागचा फरक ३०० रुपये झाला. तोटा व्हायला आता जवळपास दर तिसरी फेरी पकडली जायला हवी. म्हणजे मुंबईत मंत्रिमंडळाने कर वाढवला की इन्सुलीच्या नाक्यावरचे काम त्या दिवसापासून आपोआप अवघड होते. तिथल्या माणसांची संख्या मात्र त्या ठरावात वाढत नाही. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. गणिताची रीत मात्र कुठल्याही नाक्याला लागू पडते.

यात एक गंमतही आहे. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातला काजूचा बोंडू हंगामात टेम्पो भरभरून गोव्यातल्या फेणीच्या भट्ट्यांवर जातो. बोंडू जाताना त्याला कोणी अडवत नाही. फेणी होऊन परत यायला निघाला की तो मुद्देमाल होतो.

पण खरी मेख पुढे आहे. गोव्यात विकत घेतलेल्या बाटलीवरचा कर पणजीला जमा होतो. ती बाटली पिऊन दुचाकीवरून पडलेला माणूस, यकृत सुजलेला माणूस, झटके आलेला माणूस ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात येतो. कर पणजीला, पेशंट ओरोसला. माझ्या मते सिंधुदुर्गाच्या दारूप्रश्नाचे अर्थशास्त्र या चार शब्दांत आहे. दारूवर कर लावण्याचे एक समर्थन असेच करतात, की पिणाऱ्याच्या पिण्याचा खर्च इतरांवर पडतो, तो त्याच्याकडून आधीच वसूल करावा. इथे वसुली एका राज्यात होते आणि खर्च दुसऱ्या राज्यात.

चौकट : ग्रॅममध्ये मोजलेली दारू

- शरीराला ब्रँड कळत नाही, शुद्ध अल्कोहोल कळते.
- ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिली क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते.
- ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४१ ग्रॅम, ५ टक्क्यांच्या साध्या बिअरमध्ये सुमारे २६ ग्रॅम.
- 'मी काय, बिअरच घेतो' म्हणणाऱ्याने दोन स्ट्राँग घेतल्या तर एका क्वार्टरहून जास्त झाले.
- अल्कोहोलच्या ग्रॅमवर कर किंवा किमान दर लावला, तर स्वस्तात चढणारा माल आधी महाग होतो.

मग आपणही स्वस्त करावी का?

तस्करी थांबवायचा सोपा उपाय म्हणून हे दरवेळी सुचवले जाते. महाराष्ट्राने एका बाबतीत केलेही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचे शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणले. इतर राज्यांतून चोरून येणारी स्कॉच थांबेल आणि महसूल १०० कोटींवरून २५० कोटींवर जाईल, असे तेव्हा सांगितले गेले. स्कॉच पिणारे थोडे, त्यामुळे हा प्रयोग खपून गेला. पण क्वार्टर पिणाऱ्यांच्या बाबतीत हेच केले तर काय होते, हे फिनलंडने करून पाहिले आहे.

हेलसिंकी आणि एस्टोनियातले टॅलिन यांच्यामध्ये ऐंशी किलोमीटरचे समुद्राचे पाणी आहे. टॅलिनला दारू स्वस्त. मे २००४ मध्ये एस्टोनिया युरोपीय संघात येणार आणि लोक बोटी भरून दारू आणणार, या धास्तीने फिनलंडने मार्च २००४ मध्ये दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांशाने उतरवला. त्या वर्षात दारूचा एकूण खप सुमारे दहा टक्क्यांनी वाढला. दारूमुळे होणारे मृत्यू वाढले, त्यातही आधीच खूप पिणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या लोकांत जास्त. पुढच्याच वर्षी कामाच्या वयातल्या लोकांत दारू हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. २००८ पासून फिनलंडने कर पुन्हा वाढवायला घेतला. चोरवाट बंद करायला त्यांनी दरवाजाच उघडला होता.

उलट बाजूचे उदाहरण स्कॉटलंडचे. मे २०१८ पासून तिथे कर न वाढवता किमान दर ठरवला गेला, तोही बाटलीवर नाही तर अल्कोहोलवर. आठ ग्रॅम अल्कोहोलमागे किमान ५० पेनी. २०२४ मध्ये ते ६५ केले. थेट दारूमुळे होणारे मृत्यू या धोरणामुळे सुमारे १३ टक्क्यांनी कमी राहिले, असा तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा २०२३ चा निष्कर्ष आहे. दारूचा एकूण खप मात्र तीनच टक्के घटला. खप तीन आणि मृत्यू तेरा, हे कसे? कारण घट झाली ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कडक मालात, जो सर्वांत जास्त पिणारेच घेतात. इंग्लंडची हद्द शेजारीच आहे आणि तिथे असा किमान दर नाही. तरीही सीमेपार जाऊन आणण्याचे प्रमाण फारसे वाढले नाही, कारण बहुतेक स्कॉटिश लोक हद्दीपासून लांब राहतात. आपले तसे नाही. आपला अर्धा जिल्हाच हद्दीवर आहे.

म्हणून महाराष्ट्राचे २०२५ चे किमान दर ही चांगली सुरुवात असली तरी सिंधुदुर्गापुरती ती अर्धी आहे. ते दर दारूच्या जातीनुसार ठरतात, अल्कोहोलच्या ग्रॅमनुसार नाहीत. आणि ते पत्रादेवीला संपतात. गोव्याने असा किमान दर मान्य करावा यासाठी दोन राज्यांनी बोलायला हवे. गोवा सहजासहजी मानणार नाही, कारण स्वस्त दारू हे त्यांच्या पर्यटनाचे भांडवल आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण महाराष्ट्रात १३.९ टक्के, तर गोव्यात ३६.९ टक्के निघाले. यातला सगळा फरक किमतीचा नाही. रीतिरिवाज वेगळे, गोव्यातला माणूस विचारल्यावर मोकळेपणाने सांगतो, आपल्याकडचा सांगत नाही, हेही त्यात आले. तरी हा आकडा पणजीत बसणाऱ्यांनाही विचार करायला लावणारा आहे.

बंदीचा हिशेब

हा सगळा घोळ नको, सरळ बंद करा, असे म्हणणारेही आहेत. मुंबई राज्याने १९४९ च्या कायद्याने तेच केले. एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि हद्दीपलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते, ज्यांच्या राज्यात दारूला मुभा होती. साठच्या दशकात बंदी सैल झाली, कायदा मात्र राहिला. म्हणून आजही महाराष्ट्रात प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे अजून कोरडे आहेत. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली.

बंदीने पिणे अजिबात कमी होत नाही असे म्हणणे चूक आहे. अडचण वेगळी आहे. जे लपवून न्यायचे ते कमी जागेत जास्त चढणारे असावे लागते. बिअर लपवून नेणे परवडत नाही, म्हणून कडक माल येतो, आणि तोही न परवडणाऱ्यासाठी हातभट्टी लागते. त्यात कोणी औद्योगिक मिथेनॉल मिसळले, तर काय होते ते जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत दिसले; शंभरहून अधिक माणसे गेली. तिथे तर बंदीही नव्हती. फक्त गरिबाला परवडेल एवढी स्वस्त अधिकृत दारू नव्हती. कर वाढवताना हातभट्टीवर डोळा ठेवावा लागतो तो यासाठी.

आडवी बाटली आणि मुंबईतल्या मतदार

किंमत हद्दीवर गळते. पण गावातले दुकान गावातच असते. पिणे कमी करण्याचा दुसरा सिद्ध मार्ग म्हणजे दारू सहज हाताशी नसणे: दुकाने कमी, वेळ कमी, वयाची अट खरोखर पाळलेली. २००८ च्या नियमांनी हा अधिकार गावाच्या हाती दिला आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. यादीतल्या निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद.

'यादीतल्या' हा शब्द पुन्हा वाचा. झालेल्या मतांच्या निम्म्याहून अधिक नव्हे, यादीतल्या. जी बाई मतदानाला आली नाही तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला पडते. आता आपल्या गावांची मतदार यादी आठवा. निम्मी नावे मुंबईला, ठाण्याला, विरारला. ती माणसे गणपतीला येतात, जत्रेला येतात, मोठ्या निवडणुकीला गाड्या करून येतात. दारू दुकानाच्या मतदानाला कोण येणार? गावात प्रत्यक्ष राहणाऱ्या बायकांनी एकमताने आडवी बाटली निवडली तरी दुकान उघडे राहू शकते. चाकरमान्यांच्या जिल्ह्यासाठी हा नियम बदलायला हवा, किंवा मतदान गणेशचतुर्थीच्या आठवड्यात घ्यायला हवे. दुसरी सूचना मी थट्टेत केलेली नाही.

आणि जो थांबूच शकत नाही तो?

वरच्या हिशेबात ३,००० चे ३,२०० झाले तो माणूस आपण मध्येच सोडला होता. त्याला ना कराने फरक पडतो, ना दुकान दोन किलोमीटर लांब गेल्याने. व्यसन हा त्याच्यापुरता आजार झालेला असतो. दारूपासून सरकारला जे उत्पन्न मिळते त्यातला ठरलेला हिस्सा त्याच जिल्ह्यात उपचारांवर खर्च झाला, तर त्या वाढीव दोनशे रुपयांचा काही भाग तरी त्याच्या घरी परत जाईल. आज असा थेट धागा जोडलेला नाही. कर एका खात्यात जमा होतो आणि व्यसनमुक्तीला दुसरीकडून मिळेल तेवढे मिळते. ओरोसला उत्पादन शुल्क अधीक्षकांचे कार्यालय आणि जिल्हा रुग्णालय एकाच गावात आहेत, हिशेबाच्या वह्या मात्र फार लांब आहेत.

घरात असा कोणी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात बळजबरीने तोडू नका. दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट्स येऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६.